क्लचबाई ‘आम्ही’ म्हणाली

परदेशाच्या जमिनीवर पाय ठेवल्यावर ब्रेकबाईने पहिलं काम काय केलं असेल, तर विमानतळाबाहेरच्या टॅक्सीत ती थेट ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. मुद्दाम नाही हो. आयुष्यभर गाडीच्या डाव्या बाजूच्या पुढच्या दाराने आत शिरायची सवय. इथेही तेच दार उघडलं, पर्स मांडीवर घेतली, टेकली, आणि बघते तर समोर स्टिअरिंग! ड्रायव्हर बिचारा डिकीत बॅगा ठेवून आला आणि दारातच थबकला. त्याला वाटलं असणार, बाई गाडी पळवतेय.

मागच्या सीटवर तिची मैत्रीण क्लचबाई पोट धरून हसत होती. "अगं उतर! इथे सगळं उलटं असतं, विमानात सांगत होते ना तुला? उतर, नाहीतर पोलीस बोलावेल तो."

ब्रेकबाई उतरली, वळसा घालून उजवीकडे बसली आणि शहर येईपर्यंत पायाखालची रबरी चटई दाबत राहिली. समोर लाल दिवा दिसला की दाब, कुणी वळताना दिसला की दाब. ड्रायव्हरने दोनदा तिच्या पायांकडे बघितलं. त्या पायाला इलाज नव्हता. त्या पायावरच तर तिचं पोट चालत आलं होतं.

ही नावं काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नाहीत. दोघी मिळून बायकांना गाडी शिकवायचा क्लास चालवायच्या. एक छोटी लाल गाडी, तिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. नवी बाई आली की आधी ती क्लचबाईच्या ताब्यात. मैदानावर गाडी जागची हलवायला शिकवायची ती, आणि "क्लच! अगं क्लच! पाय काय माहेरी विसरलीस का?" ही तिची हाक मैदानापलीकडच्या दवाखान्यात ऐकू जायची. गाडी सरळ चालायला लागली की ती बाई ब्रेकबाईच्या शेजारी बसून रस्त्यावर निघायची. ब्रेकबाई ओरडत नसे. तिचा पाय ब्रेकवर असायचा आणि बाईला कळायच्या आत गाडी थांबलेली असायची. एकीने निघायला शिकवायचं, दुसरीने थांबायला. असा तो संसार, आणि संसारच म्हणायचा, कारण ब्रेकबाईला दुसरा नव्हता. लग्न तिने केलं नाही. भाऊ होता, तो लांब, आणि भावजय त्याहून लांब. क्लासच्या मागच्या दोन खोल्यांत ती राहायची, आणि सणासुदीला, दुखण्याखुपण्याला तिचं घर म्हणजे क्लचबाईचं घर.

या सहलीची टूम क्लचबाईचीच. एक दिवस मैदानावरून आली ती म्हणाली, "क्लासला आठवडाभर कुलूप लावू. जाऊ कुठेतरी लांब. आपण दोघीच." ब्रेकबाईने आधी नाही म्हणून बघितलं, कारण कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणायचं हा तिचा नियम होता, आणि मग गुपचूप नवीन बूट घेऊन आली.

तर हॉटेलची खोली. चौथा मजला, भिंती पांढऱ्या, बाथरूममध्ये टॉवेलांची चळत, आणि पलंग एकच. रुंद होता, पण त्यावर पांघरूणही एकच.

"तू रात्री घोरतेस," ब्रेकबाई म्हणाली.

"आणि तू लाथा मारतेस. झोपेत ब्रेक दाबते बया. चल, मी भिंतीकडे झोपेन, निदान खाली तरी पडणार नाही."

ब्रेकबाई बॅग उघडून कपडे काढायला लागली. क्लचबाई खिडकीशी गेली. खिडकी चांगली ऐसपैस, तिला दुहेरी पडदे. आतला पांढरा, विरविरीत. वरचा राखाडी, जाड. क्लचबाईने जाड पडद्याची कड बोटांत धरली, उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाली, "कापड बघ कसलं आहे. असले पडदे आम्हाला तिकडे हॉलला छान दिसतील."

ब्रेकबाईचा हात बॅगेतच राहिला. "कुठे?"

"अं?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

"घरी गं. आणखी कुठे?" क्लचबाईने पडदा सोडून दिला. "इथे किटली आहे बघ. चहा टाकतेस?"

ब्रेकबाईने चहा टाकला. पण तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. क्लचबाईचा हॉल तिला तळहातासारखा माहीत होता. त्या हॉलला खिडकी एवढीशी, तिच्यापुढे कपाट, आणि कपाटावर नवऱ्याच्या औषधांचा डबा. तिथला पडद्याचा दांडा ब्रेकबाईनेच स्टुलावर चढून ठोकला होता. तिथे असला पडदा लावला तर कपाट झाकलं जाईल, खिडकी नव्हे.

आणि पडद्याचं एक वेळ सोडा. ‘आम्हाला’ कुठून आलं?

आपल्या भाषेने एक मोठी सोय करून ठेवली आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर ‘आपण’, समोरच्याला वगळून बोलायचं तर ‘आम्ही’. भिंत कुठे आहे ते एका शब्दात कळतं. बाकीच्या बऱ्याच जगाला हे भाग्य नाही, म्हणून ते जग सुखी असावं. क्लचबाईच्या तोंडात तर ‘आम्ही’ हा शब्द ब्रेकबाईसमोर कधी आलाच नव्हता. स्वतःच्या घरातल्या मिक्सरला ती ‘आपला मिक्सर’ म्हणायची. स्वतःच्या मुलाला ‘आपला पिंट्या’ म्हणायची. एकदा बोलण्याच्या ओघात "आपले हे आज दाढी न करताच बाहेर पडले" म्हणाली, तेव्हा ब्रेकबाईने हात जोडले होते, "ते एक तुझेच राहू देत बाई, मला नकोत." त्यावर दोघी इतक्या हसल्या की शिकाऊ बाई गाडी बंद करून बघत बसली.

आणि आज ती बाई म्हणते, आम्हाला तिकडे.

चहा पिऊन दोघी बाहेर पडल्या. हवा छान होती. रस्ता स्वच्छ, दुकानांच्या काचा पुसलेल्या, आणि फुटपाथवर चक्क चालता येत होतं. क्लचबाई नकाशाचा कागद फडकावत पुढे, ब्रेकबाई मागे. रस्ता ओलांडायची वेळ आली की ब्रेकबाई सवयीने उजवीकडे बघायची आणि गाडी यायची डावीकडून. दर वेळी क्लचबाई तिचा दंड धरून मागे ओढायची. "जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंस, आता स्वतः मरशील आणि माझ्या डोक्याला ताप." ब्रेकबाई एरवी यावर काहीतरी सणसणीत बोलली असती. आज ती नुसती मागे चालत राहिली.

एका बेकरीत त्यांनी पाव आणि कॉफी घेतली. टेबल एवढंसं, दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. ब्रेकबाईने ठरवलं, खडा टाकून बघू.

"परत गेल्यावर गाडीचं बघायला हवं," ती कप ढवळत म्हणाली. "क्लच प्लेट घासलीये. नाहीतर सरळ नवीनच घेऊ, काय? या खेपेला रंग तू निवड."

रंग तू निवड! हे वाक्य ब्रेकबाईच्या तोंडून म्हणजे काय, ते जाणकारांनाच कळेल. मागे क्लचबाईने तिला न विचारता गाडी पांढऱ्याची लाल करून आणली होती, तर ब्रेकबाई अख्खा उन्हाळा तिच्याशी बोलली नव्हती. क्लास चालू होता, पण दोघींमध्ये निरोप शिकाऊ बायकांच्या तोंडून. "त्यांना सांगा पेट्रोल भरलंय." "त्यांना सांगा कळलं." बायका गाडी कमी आणि निरोप जास्त पोचवायला शिकल्या.

क्लचबाई एरवी उडालीच असती. पण ती पावाचा तुकडा मोडत राहिली आणि म्हणाली, "बघू."

झालं. ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ब्रेकबाईला कॉफी कडू लागायला लागली. तिने आणखी दोन चमचे साखर घातली.

"आणि ती बँकेतली बाई," ती पुन्हा म्हणाली, "तिच्या दोघी जावा यायच्यात पुढच्या महिन्यात. त्यांना मैदानावर सकाळची वेळ द्यायची का?"

"आत्ता कशाला क्लासचं? फिरायला आलोय ना?" क्लचबाईने नकाशा उघडला. "हे बघ, इथून पुढे बाग आहे म्हणे."

कुठली बाग आणि कुठलं काय. ब्रेकबाईचं लक्ष त्या ‘आम्हाला’वरच होतं. तिला सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं आणि उत्तर आलं, तर ते परत थोडंच घेता येणार होतं? न विचारलेलं बरं असतं, असं तिचं मत. आणि दुसरं मत असं, की माणसाने आपल्यापासून काही लपवलं तर ते त्याने स्वतःहून येऊन सांगायला हवं. या दोन मतांच्या मध्ये ती चेंगरून गेली होती.

बागेकडे जाणारा रस्ता चढाचा होता. वरच्या टोकाला सिग्नल. तिथे एक गाडी अडकली होती आणि तिच्यामागे चार-पाच गाड्या हॉर्न वाजवत होत्या. टपावर शिकाऊ गाडीची पाटी. स्टिअरिंगवर एक गोरीमोरी झालेली बाई, शेजारी टोपीवाला शिकवणारा, दोन्ही हातांनी काहीतरी समजावतोय. हिरवा दिवा लागला. गाडीने एक गचका खाल्ला, बंद पडली आणि वीतभर मागे आली.

दोघींचे पाय जागच्या जागी थांबले.

"टाच वर आहे तिची," ब्रेकबाई म्हणाली.

"तो मेला हातवारे काय करतोय? पाय सांग म्हणावं, पाय!" आणि क्लचबाईने फुटपाथच्या कडेला जाऊन, सगळ्या रस्त्यादेखत, मैदानावरचा आपला आवाज लावला. "अगं हळू सोड! अर्धा क्लच! अर्धा! गाडी थरथरली की मग ब्रेक सोड!"

त्या बाईने दचकून काचेतून बघितलं. भाषा तिने बापजन्मी ऐकलेली नव्हती. पण फुटपाथवरची एक बाई तळहात हळूहळू वर उचलून दाखवतेय आणि दुसरी शेजारी उभी राहून पाय जमिनीवर घट्ट रोवतेय, हे तिला दिसलं असावं. काय कळलं देव जाणे. गाडी थरथरली, थांबली, आणि एकदम सुर्रकन चढावर निघून गेली. टोपीवाल्याने जाताजाता टोपी काढली.

दोघी हसायला लागल्या. क्लचबाईला तर ठसका लागला. बसथांब्याच्या बाकावर ती टेकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "आपली विद्यार्थिनी गं! फुकटची!"

‘आपली’ ऐकलं आणि ब्रेकबाईचा बांध फुटला. सकाळपासूनची सगळी शहाणपणाची मतं गेली उडत.

"कुठे चाललीयेस तू?" ती म्हणाली.

"बागेत. आणखी..."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तिकडे म्हणजे कुठे? हॉल कुठला? आणि आम्ही कोण?"

क्लचबाईचं हसू ओसरलं. तिने नकाशाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

"पिंट्याकडे," ती म्हणाली. "यांचे दोन्ही गुडघे गेले, तुला माहीतच आहे. आपले जिने आता चढवत नाहीत त्यांना. पिंट्याने मोठी जागा घेतलीये, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. सून चांगली आहे, मनापासून या म्हणते. पुढच्या महिन्यात निघायचं ठरलंय."

"कायमचं?"

"कायमचं."

पिंट्याचं गाव आपल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. उठलं की गेलं, असं नव्हे. ब्रेकबाई उभीच होती. एक बस आली, दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं.

"आणि हे मला कधी कळणार होतं? सामानाची गाडी दारात आल्यावर?"

"इथेच सांगणार होते. एक-दोन दिवस मजेत जाऊ देत, मग सांगावं, असं म्हटलं."

"इथे का? घरी तोंड शिवलं होतं?"

आता क्लचबाईचाही आवाज चढला. "घरी सांगितलं असतं तर तू चपला घालून निघून गेली असतीस! दाराला आतून कडी. गाडीच्या रंगावरून अख्खा उन्हाळा बोलली नाहीस तू. माझ्यापाशी आता अख्खा उन्हाळा नाहीये गं. महिना आहे. तो तुझ्या अबोल्यात घालवू? म्हणून आणलं इथे. इथे कुठे जाशील रुसून? रस्ता माहीत नाही, भाषा येत नाही, आणि खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे."

ब्रेकबाईने पर्स खांद्यावर ओढली. इतकं खरं तिच्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. आणि खरं बोललेलं तिला अजिबात खपत नसे.

"म्हणजे मला कोंडायला आणलंस," ती म्हणाली.

"सोबत राहायला आणलं."

"मोठी आली सोबतवाली! जा. तुझ्या लिफ्टमध्ये जाऊन बस." आणि डोक्यात राख घालून ती निघाली.

कुठे जायचं हे तिला ठाऊक नव्हतं, पण रागाने चालणाऱ्या माणसाला पत्ता लागत नाही. उतार संपला, एक गल्ली आली, मग दुसरी. औषधांचं दुकान, चपलांचं दुकान, केस कापायचं दुकान. पाट्या वाचता येत नव्हत्या. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. पुढच्या महिन्यापासून सकाळी क्लासचं शटर कोण उघडणार? मीच. नव्या बाईला मैदानावर कोण नेणार? मीच. मग रस्त्यावर? तेही मीच. आणि संध्याकाळी शटर ओढून मागच्या खोलीत गेल्यावर "जेवलीस का?" म्हणून विचारणार कोण? या प्रश्नाशी ती अडली. तिला भयंकर एकटं वाटलं, आणि ते एकटेपण अजून यायचं होतं तरी आत्ताच येऊन बसलं होतं.

एका मोठ्या रस्त्याशी ती आली. समोरचं काहीच ओळखीचं नाही. परत फिरावं तर कुठून आलो तेही आठवेना. तिने उजवीकडे बघितलं, रस्ता रिकामा होता, तिने पाय पुढे टाकला.

मागून कुणीतरी तिच्या बाहीला असा हिसका दिला की ती फुटपाथवर जवळजवळ बसलीच. डावीकडून आलेली व्हॅन अंगावरून गेल्यासारखी गेली.

क्लचबाई होती. धापा टाकत होती, केस विस्कटलेले. सगळ्या गल्ल्यांमधून ती मागोमाग आली होती, हाक न मारता. हाक मारली असती तर ब्रेकबाईने चाल वाढवली असती, एवढं तिला कळत होतं.

"डावीकडे बघ म्हणून किती वेळा सांगायचं?" एवढंच ती म्हणाली. आणि बाही काही तिने सोडली नाही.

हॉटेलवर दोघी एकीमागे एक आल्या. क्लचबाईने किल्ली लावली. ब्रेकबाई पलंगाच्या एका कडेला बसली, क्लचबाई दुसऱ्या. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. पडद्यांकडे दोघींनीही बघितलं नाही.

तेवढ्यात क्लचबाईचा फोन वाजला. पिंट्या. क्लचबाईने फोन उचलला तो स्पीकरवरच, कारण तिला त्याशिवाय बोलताच येत नसे. मैदानाची सवय.

"आई, पोचलात ना नीट? मावशीला सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग? चिडली?"

"ते राहू दे. तू बोल."

"अगं, मी काय म्हणत होतो, तू ते गाडीचं विचारत होतीस ना... इथे कशाला हवी तुला गाडी? इथला ट्रॅफिक तुला झेपायचा नाही. कुठे जायचं तर मी सोडेन, नाहीतर फोनवरून टॅक्सी बोलवायची. आता आराम करा की. खूप केलंस."

"बरं," क्लचबाई म्हणाली.

"आणि लायसन्सचं पण आता उगाच नूतनीकरण वगैरे नको करत बसू."

"बरं बरं."

ब्रेकबाईने मान वळवली. क्लचबाई ‘बरं’ म्हणते? ही बाई आरटीओच्या साहेबाला ‘बरं’ म्हणाली नव्हती. लग्नात भटजींना म्हणाली नसेल. आणि आज पोटच्या पोरापुढे मान खाली घालून, पांघरुणाचा टाका नखाने उसवत, बरं बरं करत बसली होती. दिवसभरात ब्रेकबाईला पहिल्यांदाच दिसलं, की ही जाणार म्हणजे नेमकी कुठे जाणार. तिला स्वतःला निदान शटर तरी होतं उघडायला, मैदान होतं, लाल गाडी होती. हिला काय? लिफ्ट. आणि मागची सीट, मांडीवर पिशवी घेऊन. जाणारीला मागे राहणारीपेक्षा जास्त सोडावं लागणार होतं, आणि ती ते कुणालाही न सांगता मुकाट सोडत होती.

मग मात्र ब्रेकबाईला राहवलं नाही. तिने पलंगावरून वाकून फोन ओढूनच घेतला.

"पिंट्या! मावशी बोलतेय."

"मावशी! कशी आहेस गं?"

"मी कशी आहे ते मरू दे. तुला गाडी कुणी शिकवली?"

"तू."

"का मी? तुझी आई शिकवायला बसली होती तेव्हा तू रडत घरी पळाला होतास म्हणून मी. आणि मला शिकवायला कुणी शिकवलं? तुझ्या आईने. अर्ध्या गावाच्या बायका तिने रस्त्यावर काढल्या, आणि तू तिला सांगतोस ट्रॅफिक झेपायचा नाही?"

"तसं नाही मावशी, पण आता तिचं वय..."

"तिचं वय माझ्याएवढंच आहे. काढ माझं वय. काढून दाखव."

पिंट्याने वय काढलं नाही. शहाणा मुलगा.

"नीट ऐक," ब्रेकबाई म्हणाली. "ती यायच्या आधी दारात गाडी पाहिजे. जुनी चालेल, पण तिच्या नावावर. आणि गियरची घे, ती बिनक्लचची बाहुली आणू नकोस. तिला क्लच नसेल तर चुकल्या-चुकल्यासारखं होतं. किल्ली तिच्या पर्समध्ये राहील, तुझ्या खुंटीवर नाही. आणि लायसन्सचं ती आल्या आल्या तू स्वतः तिच्याबरोबर जाऊन करून आणायचं. कबूल?"

"कबूल, मावशी."

"सुनेला शिकायची असेल तर आईकडेच शिकू दे. तू मध्ये बोलू नकोस."

"नाही बोलणार." मग पिंट्याचा आवाज एकदम हलका झाला. "मावशी, मला वाटलं होतं तू फार चिडशील. आई तर महिनाभर झोपली नाहीये, तुला कसं सांगू म्हणून. म्हणजे... ती इकडे आली तर तुझी काही हरकत नाही ना?"

ब्रेकबाईने फोन लांब धरून त्याच्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! जी गोष्ट होऊ नये म्हणून ती सकाळपासून दात-ओठ खात फिरत होती, तिची सगळी व्यवस्था तिनेच लावून दिली होती. गाडी, गियर, किल्ली, लायसन्स, सगळं. आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने? तिने क्लचबाईकडे बघितलं. क्लचबाई तिच्याकडेच बघत होती. महिनाभर झोप नसलेले डोळे होते ते, आणि इतके दिवस रोज समोर असून ब्रेकबाईला ते दिसले नव्हते.

"नाही रे," ती म्हणाली. "हरकत कसली."

फोन तिने क्लचबाईच्या हातात दिला आणि मग तोंडावर पांघरूण ओढून ढसाढसा रडली. लहान मुलासारखी, हुंदके देऊन. क्लचबाईने पिंट्याला काहीतरी सांगून फोन बंद केला, पलंगाला वळसा घालून आली आणि तिच्या शेजारी टेकली. तिने गप्प बस म्हटलं नाही, समजूत घातली नाही. नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि फिरवता फिरवता तिच्याही नाकाचा आवाज यायला लागला.

मग नाक पुसून ती म्हणाली, "अगं, सहलीचा पहिलाच दिवस आहे. आजच एवढं रडलीस तर बाकीचे दिवस काय करशील?"

"रडेन," ब्रेकबाई पांघरुणातून म्हणाली. "तू शेजारी आहेस तोवर रडून घेते. नंतर रडायला कुणाकडे जाऊ?"